शाळेच्या वेळेतली औषधे आणि आजारपण

सकाळी मुलाचे अंग थोडे कोमट लागते. घटक चाचणी आहे, आईबाबा दोघांनाही कामावर जायचे आहे, घरी थांबायला कोणी नाही. पावणेसातला पॅरासिटामॉलचे सिरप पाजून मुलाला व्हॅनमध्ये बसवले जाते. साडेअकराच्या सुमारास शाळेतून फोन येतो, 'बाकावर डोके ठेवून झोपला आहे, अंग तापले आहे, घेऊन जा.' माझ्या दवाखान्यात दुपारी येणारी बरीच शाळकरी मुले अशीच येतात.

यात आश्चर्य काही नाही. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. औषधाने ताप उतरतो, आजार जात नाही. सकाळी दिलेला डोस मधल्या सुट्टीच्या आसपास उतरतो आणि ताप परत येतो. तोपर्यंत मूल वर्गातल्या चाळीस मुलांत बसलेले असते.

मूल दिवसाचे पाच ते सात तास शाळेत असते. त्या वेळेत ना डॉक्टर जवळ असतो, ना आईबाबा. बहुतेक शाळांत नर्सही नसते. वर्गशिक्षिका, शिपाईमावशी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढीच सोय असते. म्हणून शाळेत काय पाठवायचे, काय नाही आणि कोणाला काय सांगून ठेवायचे, हे घरीच ठरवावे लागते.

आज शाळेत पाठवावे का?

ताप 100.4 फॅरनहाइट (38 सेल्सिअस) किंवा जास्त असेल तर पाठवू नये. औषध न देता 24 तास ताप आला नाही, की पाठवावे. 'औषध न देता' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटीनंतर किंवा जुलाबानंतर निदान एक दिवस, शक्यतो दोन दिवस घरी ठेवावे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. खरजेत पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकते. डोळे आले असतील तर पाणी व चिकटा येणे थांबेपर्यंत घरी राहिलेले बरे; 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ किती झपाट्याने पसरली होती ते अनेकांना आठवत असेल. नुसती सर्दी आहे, पण मूल खाते-खेळते आहे, तर शाळेला हरकत नाही. डोक्यात उवा झाल्या म्हणून घरी बसवायची गरज नाही, उपचार मात्र त्याच दिवशी सुरू करा.

सुट्टी मिळत नाही, रोज बुडतो, ही पालकांची अडचण खरी आहे. त्यावर डॉक्टरने प्रवचन देण्यात अर्थ नाही. पण औषध देऊन पाठवलेच असेल तर ते लपवू नका. 'सकाळी पावणेसातला पॅरासिटामॉल 6 मिली दिले आहे' एवढी ओळ डायरीत लिहा. नाहीतर शाळेत ताप दिसताच कोणीतरी मायेने नऊ वाजता दुसरा डोस देते आणि आपल्याला कळतही नाही.

शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत शाळांनी बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कागदासाठी तापाने फणफणलेली मुले वर्गात बसतात.

एक वेगळी तक्रार म्हणजे शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे. रविवारी दुखत नाही, सोमवारी बेंबीभोवती दुखते आणि नऊ वाजले की थांबते. हे सोंग असतेच असे नाही. काळजीने पोट खरोखर दुखते. अशा वेळी औषधापेक्षा वर्गात, व्हॅनमध्ये किंवा शिकवणीला काय चालले आहे, याची शांतपणे चौकशी करा. शाळेचे स्वच्छतागृह घाण असल्याने पाणी न पिणाऱ्या आणि लघवी दाबून ठेवणाऱ्या मुली पुष्कळ असतात. त्यांच्या पोटदुखीचे कारण बद्धकोष्ठ किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असू शकतो. झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, शौचातून रक्त, सारख्या उलट्या किंवा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला वाढत जाणारे दुखणे असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

बहुतेक औषधे शाळेत न्यावी लागत नाहीत

आम्ही डॉक्टर सवयीने 'सकाळ-दुपार-संध्याकाळ' लिहितो. पालकही त्या दुपारच्या डोससाठी बाटली दप्तरात ठेवतात. खरे तर तीन वेळांचे बरेचसे औषध शाळेत जाण्यापूर्वी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना असे देता येते. दोन वेळांचे किंवा एकदाच घ्यायचे पर्यायी औषधही अनेकदा असते. चिठ्ठी हातात घेताना एकच प्रश्न विचारा, 'डॉक्टर, शाळेच्या वेळेत डोस येणार नाही असे काही देता येईल का?' दहापैकी आठ-नऊ वेळा मला तसे बदलून देता येते. दम्याचा रोजचा प्रतिबंधक पंप, फिट्सच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी ही सारी घरीच घ्यायची औषधे आहेत. अतिचंचलतेवरचे औषधही दिवसभर पुरणाऱ्या स्वरूपात मिळते. त्यामुळे वर्गात कोणाला काही कळण्याचा प्रश्नही येत नाही.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडसारखे पावडरमध्ये पाणी घालून बनवायचे अँटिबायोटिक फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि साधारण सात दिवसांत संपवावे लागते. उन्हात तापलेल्या दप्तरात त्याचा गुण कमी होतो.

पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये एक फसवी गोष्ट आहे. एकाच नावाच्या बाटल्या दोन तीव्रतेत मिळतात. एकीत 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत 250. मुलांचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम, म्हणजे 250 च्या बाटलीतले 6 मिली किंवा 125 च्या बाटलीतले 12 मिली. 'बारा मिली' एवढेच लक्षात ठेवून दुसरी बाटली उचलली तर डोस दुप्पट होतो. दोन डोसांत किमान चार तास अंतर हवे आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत. घरातला चमचा मापाचा नसतो, बाटलीबरोबर आलेले माप वापरा.

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत डोकेदुखीसाठी अॅस्पिरिन असेल तर काढून टाका. मुलांना ते दिल्यास यकृत व मेंदूवर घातक परिणाम क्वचित, पण होऊ शकतो. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे, तरी जुनी पाने अजून पेट्यांतून सापडतात. खोकल्याच्या मिश्र सिरपांनी मूल पेंगते आणि खोकला फारसा थांबत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत, अशी सूचना दिली. बालवाडीच्या दप्तरात अशी बाटली असण्याचे कारण नाही.

सुट्या गोळ्या कंपासपेटीत किंवा डब्याच्या झाकणात देऊ नका. मुले एकमेकांना चिक्की देतात तशा गोळ्याही देतात. वरच्या वर्गातल्या मुलींत पाळीच्या दुखण्याची गोळी अशीच हातोहात फिरते. एकीला चालणारी गोळी दुसरीच्या अंगावर पुरळ उठवू शकते.

जी औषधे शाळेत हवीतच

ती थोडी आहेत, पण त्यांच्याबाबत हयगय चालत नाही.

काही वर्षांपूर्वी पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. दम्याचा जुना रुग्ण. खेळाच्या तासाला धाप लागली. त्याचा पंप शाळेत होता, पण ऑफिसच्या कपाटात, कुलूपबंद. किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत गेलेले. बाईंनी वारा घातला, गरम पाणी पाजले, आईला फोन केला. आई येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, ओठ निळसर झाले होते. नेब्युलायझर आणि ऑक्सिजन सुरू करून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दोन दिवसांनी तो घरी आला. यात निष्काळजीपणा कोणीही केला नव्हता. 'सर्व औषधे ऑफिसात जमा करावीत' असा नियम होता आणि सगळ्यांनी तो नीट पाळला होता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक दमेकरी मुलाच्या पालकांना सांगतो, की निळा पंप (साल्ब्युटामॉल) आणि स्पेसर मुलाजवळ किंवा वर्गातच हवा. मैदानावर जाताना तो मैदानावर जायला हवा.

धाप लागली की मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका. पंप हलवून स्पेसरला लावा. एक दाब द्या आणि मुलाला स्पेसरमधून चार ते सहा वेळा श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार दाब. चार मिनिटे थांबा. बरे वाटले नाही तर पुन्हा चार दाब द्या आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा. ओठ निळे पडले असतील, बोलता येत नसेल किंवा मूल गळून गेले असेल तर पहिल्या दाबाबरोबरच फोन करा. या प्रसंगी चार दाब जास्त झाले तर फार तर छातीत धडधडेल आणि हात थरथरतील. न दिल्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. 'पंपाची सवय लागते' ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे.

पंपात औषध शिल्लक आहे का, मुदत संपली नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहा. दप्तरात तो रिकामाच फिरत असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

टाइप 1 मधुमेहाच्या मुलाला शाळेत इन्सुलिनपेक्षाही जास्त वेळा साखर लागते. जेवायला उशीर झाला किंवा खेळ जास्त झाला की रक्तातली साखर उतरते. मूल घामाघूम होते, थरथरते, चिडचिड करते किंवा अचानक गप्प होते. एका आईने मला सांगितले, की तिच्या मुलीचे अक्षर वाकडे होऊ लागले की बाईंना कळते. साखर 70 च्या खाली असेल, किंवा तपासता येत नसेल तरी, तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यातून लगेच द्यावी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग पोळी किंवा बिस्किटे द्यावीत. त्या अवस्थेत मुलाला एकटे ऑफिसात किंवा स्वच्छतागृहात पाठवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून 108 ला बोलवावे.

मधल्या सुट्टीतले इन्सुलिन घेण्यासाठी स्वच्छ, उजेडाची जागा हवी. ते स्वच्छतागृहात लपून घ्यावे लागते, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सीबीएसईने 2017 मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत ग्लुकोज, फळ, खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही 2023 मध्ये अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन व खाणे घेऊ द्यावे, असे राज्यांना कळवले आहे. शाळा अडवत असेल तर हे दाखवा. वापरात असलेले इन्सुलिन पेन साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला टिकते, पण अकोला-चंद्रपूरच्या एप्रिलमधले तापमान सामान्य म्हणता येणार नाही. सावलीतला ओल्या फडक्याने गुंडाळलेला माठ तिथे उपयोगी पडतो.

फिट आल्यावर अजूनही नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात, दातांत चमचा घालतात. यातले काहीच करू नये. चमच्याने दात तुटतात आणि श्वास अडतो. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आसपासची बाके सरकवा, टाय-कॉलर सैल करा आणि घड्याळ पाहा. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे चालली, एकामागून एक येऊ लागली किंवा आयुष्यातली पहिलीच असली तर रुग्णालय गाठावे. अनेक मुलांना नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे दिलेला असतो. किती फवारे द्यायचे ते वजनानुसार डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. थांबल्यावर मूल झोपते, झोपू द्यावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या फिट्समागे बहुधा दोनच कारणे असतात: जागरण आणि सकाळच्या घाईत राहिलेली गोळी.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलची मुले जवळपास प्रत्येक शाळेत आहेत. त्यांची रोजची औषधे घरीच होतात. शाळेने पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला अडवू नये, भर उन्हात कवायत किंवा पावसात भिजणे टाळावे. हातपाय दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलाला नाटकी म्हणू नये. या मुलांना 101 च्या वर ताप आला तर संध्याकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या.

शेंगदाणे, मासे, गांधीलमाशी किंवा एखाद्या औषधाने तीव्र अॅलर्जी झाल्यास ओठ-जीभ सुजते, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, चक्कर येते. अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीत लवकर मिळणे हाच उपाय आहे, म्हणून तडक जवळच्या रुग्णालयात जावे. अॅलर्जीच्या गोळीने गुण येतो का पाहत बसू नये.

वर्गशिक्षकांना काय लिहून द्यावे

शिक्षकांची भीती मला समजते. 'औषध दिले आणि काही झाले तर आमच्यावर येईल.' म्हणून तोंडी सांगण्यावर भागवू नका. डॉक्टरांची सही असलेला एक कागद द्या, सोप्या मराठीत. माझा साधारण असा असतो:

'इयत्ता चौथी ब. वजन 22 किलो. दमा आहे. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निळा पंप आणि स्पेसर आहे. धाप लागली, छातीत शिट्टीसारखा आवाज आला किंवा खोकला थांबेना, तर बसवून चार दाब द्यावेत, एका वेळी एक. चार मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा चार दाब द्यावेत आणि 108 ला व आईला फोन करावा. दिलेली वेळ डायरीत लिहावी.'

खाली पालकांची सही आणि दोन फोन नंबर, त्यातला एक तरी दिवसा उचलला जाणारा. कागदाची एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक ऑफिसात, एक दप्तरात. खेळाच्या सरांना आणि व्हॅनच्या काकांनाही सांगा. त्रास वर्गाबाहेरच जास्त होतो. दर जूनमध्ये हा कागद नवा करा, कारण वजन वाढलेले असते, बाई बदललेल्या असतात आणि पावसाबरोबर दमाही डोके वर काढतो. पंप कसा वापरायचा ते शिक्षकांना एकदा प्रत्यक्ष दाखवा, पाच मिनिटे लागतात.

पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळेने आपल्या मनाने कोणतेही औषध देऊ नये, साधी तापाची गोळीही नाही. फोन करून विचारावे आणि वेळ नोंदवावी.

शाळेतच मिळणाऱ्या सरकारी गोळ्या

आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना गुलाबी, 10 ते 19 वर्षांच्यांना निळी. ती मधल्या जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी मळमळते. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाबद्दल मात्र शाळेला आधी लेखी कळवा; त्यांना लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते. त्या दिवशी मूल तापाने आजारी असेल तर घेऊ नये, राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी असते. जंत खूप असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि थांबते. एकाला उलटी झाली की वर्गातल्या दहा जणांचे पोट दुखू लागते, तेव्हा शिक्षकांनी त्या मुलाला शांतपणे बाजूला नेऊन झोपवावे, गर्दी होऊ देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरमधून झाली. त्याचे वैद्यकीय पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाचे जुने कागद दप्तरात द्या. पथक काही आढळल्यास पुढील तपासणीची चिठ्ठी देते आणि ती चिठ्ठी बहुधा दप्तराच्या तळाशी राहते. त्या आठवड्यात दप्तर एकदा पूर्ण रिकामे करून पाहा.